प्रयोगवहीचं सव्विसावं पान

शनिवार पेठ, पुणे
१४ जुलै २०२५

कादंबरी,

पाकिटावरचं अक्षर ओळखूनही ते उघडलंस, तेवढ्याबद्दल आभार. फोन तू उचलत नाहीस आणि माझ्या मेसेजपुढे सहा वर्षं एकच टिक येते. याला ब्लॉक करणं म्हणतात, हे मला नववीतल्या मुलींनी समजावून सांगितलं. म्हणून टपालानं लिहिते आहे. पोस्टमनला अजून कुणी ब्लॉक करू शकत नाही.

पत्ता कुठून मिळाला असं वाटेल. गेल्या आठवड्यात विज्ञान शिक्षकांच्या ग्रुपवर कुणीतरी एक पीडीएफ टाकली. हातानं लिहिलेली बारा पानं, मोबाइलवर फोटो काढून जोडलेली. हळदीच्या कागदानं साबण ओळखणे, मिठाच्या पाण्यातून वीज, सायकलच्या पंपावरून हवेचा दाब. लिहिणाऱ्याचं नाव नाही, खाली फक्त कारंजा, जिल्हा वाशिम इथल्या एका शाळेचा शिक्का. पण प्रत्येक आकृतीशेजारी ‘इथे मुलं हमखास चुकतात’ अशी चौकट होती. तीन वर्षं तुझ्या समोरच्या खुर्चीवर बसून मी त्या चौकटी वाचल्यात. नाव कशाला लागतंय?

तू शिकवते आहेस, एवढ्यानंच मला बरं वाटलं. सोडून दिलं असशील अशी भीती होती.

आता कामाचं. आपलं मंडळ पुन्हा उभं राहिलं आहे. बुधवार पेठेत पुस्तकांच्या दुकानावरच्या त्याच दोन खोल्या, तोच एक पंखा. आठवी ते दहावीची प्रयोगवही नव्यानं काढायची आहे. उद्देश तोच, पाठ्यपुस्तकाला जोड म्हणून. ज्या शाळेत प्रयोगशाळा नाही तिच्यासाठी आणि ज्याच्या गळ्यात विज्ञान विषय मारलाय अशा शिक्षकासाठी. अध्यक्ष अजून दिगंबर सरच आहेत. शहात्तर पूर्ण, पण जिना आमच्याआधी चढतात. चारशे शाळांनी मागणी नोंदवली आहे. मला एकटीला हे झेपणार नाही. मी पुढच्या वर्षी शाळेतून निवृत्त होते आणि मला तुझ्यासारखं लिहिता येत नाही. हे मी पूर्वी कधी म्हटलं नव्हतं.

ऑगस्ट २०१९मध्ये जे झालं ते झालं. कसब्यातल्या शाळेत आपल्या प्रयोगवहीवरून प्रयोग करताना अपघात झाला, श्रद्धाताई भाजल्या, चौकशी झाली, प्रयोगवहीवरून तुझं नाव गेलं आणि तू पुणं सोडून गेलीस. त्याची उजळणी करण्यात आता काही हशील नाही. तू परत लिही, एवढंच मागणं आहे.

नीरजा

*

शनिवार पेठ, पुणे
७ ऑगस्ट २०२५

कादंबरी,

उत्तर आलं नाही. येईल अशी माझी फार अपेक्षाही नव्हती. सलिल म्हणाला, “पहिल्या पत्राला उत्तर द्यायला ती काय विमा कंपनी आहे?” नवरा निवृत्त झाल्यापासून असा बोलतो. त्याआधीही असाच बोलायचा म्हणा.

तरी लिहिते आहे, कारण काल एक गोष्ट घडली.

मी बुधवार पेठेत प्रयोगाचं साहित्य घ्यायला गेले होते. परीक्षानळ्या, चिमटे, लिटमस. त्याआधी तांबट आळीत जाऊन तांब्याच्या पट्ट्या कापून घेतल्या होत्या, उष्णतेच्या वहनाच्या प्रयोगासाठी. पिशवी जड झाली म्हणून दुकानाच्या पायरीवर टेकले, तर मागून आवाज आला, “नीरजाबाई ना?”

श्रद्धाताई होत्या. तू त्यांना कदाचित एकदाच पाहिलं असशील, दवाखान्यात. इतिहास-भूगोलाच्या शिक्षिका. विज्ञानाच्या बाई बाळंतपणाच्या रजेवर गेल्या म्हणून मुख्याध्यापकांनी आठवीचं विज्ञान त्यांच्याकडे दिलं होतं आणि सोबत आपली प्रयोगवही दिली होती. डाव्या डोळ्यानं त्यांना आता फक्त उजेड-अंधार कळतो. गळ्यावरचे डाग पदरानं झाकतात. शिकवतात अजून.

मी पायरीवरून उठले. त्याच म्हणाल्या, “नवी प्रयोगवही निघते आहे असं ऐकलं. चांगलं करताय.”

मग म्हणाल्या, “त्या कादंबरी मॅडम कुठे असतात हल्ली? भेटल्या तर सांगा, माझ्या मनात राग नाही. लहान होत्या. लिहिताना होतं माणसाकडून. मी त्यांना कधी शिव्याशाप दिले नाहीत, एवढं त्यांना कळलं पाहिजे.”

मी “सांगते” म्हणाले.

त्या गेल्या. दुकानदार दोनदा विचारत होता, “बाई, लिटमस निळा की लाल?” मी दोन्ही घेतले.

त्यांचा निरोप तुला पोहोचवायचा होता, तो पोहोचवला. खरं तर चूक एकट्या तुझी नव्हती, असं मी त्यांना म्हणायला हवं होतं. संपादन माझं होतं. दोघींच्या हातून काहीतरी निसटलं, असं धरून चाललो तर आपल्याला पुन्हा एकत्र बसायला अडचण येऊ नये.

नीरजा

*

शनिवार पेठ, पुणे
१० ऑगस्ट २०२५

कादंबरी,

परवाच्या पत्रातलं शेवटचं वाक्य खोटं आहे. पत्र पेटीत टाकून घरी येईपर्यंत मला ते टोचायला लागलं होतं. पेटी उघडून काढता येत नाही, म्हणून हे दुसरं.

दोघींच्या हातून काही निसटलं नव्हतं. तू लिहिलेलं पान बरोबर होतं.

सगळं क्रमानं लिहिते, म्हणजे मला मध्येच पळवाट सापडणार नाही.

पान सव्वीस, संहत सल्फ्युरिक आम्ल विरल करणे. तू लिहिलं होतंस : ‘पाण्यात आम्ल थेंबथेंब सोडा. आम्लात पाणी कधीही ओतू नका, ते उकळून अंगावर उडतं.’ दोन वाक्यं. त्यामुळे चंचुपात्राचं चित्र खाली सरकून पुढच्या पानावर जात होतं. दुसऱ्या दिवशी सकाळी छपाईला द्यायचं होतं आणि तू बी.एड.च्या परीक्षेच्या कामासाठी दोन दिवस बाहेर होतीस. मी चित्र बसवण्यासाठी दोन वाक्यांचं एक केलं. ते असं झालं : ‘आम्लात पाणी थेंबथेंब सोडा.’

कादंबरी, तेव्हा सत्तावीस वर्षं मी हा धडा शिकवत होते. झोपेतून उठवलं असतं तरी बरोबर सांगितलं असतं. पण माझं सगळं लक्ष चित्राकडे होतं. पान सुबक दिसलं पाहिजे होतं. ‘पाण्यात आम्ल’चं ‘आम्लात पाणी’ झालं आणि मी ते वाचून, समाधान मानून, पुढच्या पानाकडे वळले. तुला दाखवलं नाही.

श्रद्धाताईंनी ते शब्दशः केलं. वहीत ‘मुलींना दोन पावलं मागे उभं करा’ असं होतं, तेही त्यांनी केलं, म्हणून मुली वाचल्या. त्या स्वतः मात्र भांड्यावर वाकून बघत होत्या, कारण त्यांनाही तो प्रयोग पहिल्यांदाच दिसत होता.

अपघाताची बातमी आली त्या दुपारी मी संगणकावरची फाइल उघडली. तुझीही उघडली. पाच मिनिटांत मला कळलं होतं. म्हणजे चौकशीच्या बैठकीच्या चार दिवस आधी.

बैठकीत दिगंबर सरांनी विचारलं, “सव्विसावं पान कुणी लिहिलं?”

मी म्हणाले, “कादंबरीनं.”

यातला एकही शब्द खोटा नव्हता. त्यामुळे बरेच दिवस मला झोपही लागत होती.

तू म्हणालीस, “मी असं लिहिलं नव्हतं.” आणि माझ्याकडे पाहिलंस. मी सांगेन म्हणून पाहिलंस. मी काय म्हणाले ते तुला आठवत असेलच, तरी इथे लिहिते, कारण ते माझ्या हातानं लिहिलं जाणं जरुरीचं आहे. मी म्हणाले, “मग काय आपोआप छापून आलं?”

दोघेतिघे हसले. तू तुझी वही उचललीस आणि खाली बघत बसलीस. पुढे तुझ्या शाळेनं तुझी नेमणूक वाढवली नाही. ती तात्पुरती होती, माझी कायमची. मी कशाला घाबरत होते, हे आज मला नीट सांगता येत नाही. नोकरी गेली नसती. नाव गेलं असतं. शनिवार पेठेत माणसं नावाला फार जपतात.

माफी मागत नाही, कारण ती मागितली की तुला उत्तर द्यावं लागेल. तुझ्यावर आणखी एक काम नको. आधी जिथे सांगायचं तिथे सांगते. मग लिहीन.

नीरजा

*

शनिवार पेठ, पुणे
२८ सप्टेंबर २०२५

कादंबरी,

सांगून झालं. कसं झालं ते लिहिते.

सर्वांत आधी दिगंबर सरांकडे गेले. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. चष्मा काढला, पुसला, घातला. म्हणाले, “सहा वर्षांनी?”

“हो.”

“आता चारशे शाळा आहेत आपल्याकडे. हे बाहेर आलं तर किती राहतील?”

“माहीत नाही सर.”

“मग न सांगता पान दुरुस्त करून का छापत नाही आपण? मुलांना बरोबर पान मिळाल्याशी मतलब.”

मी म्हणाले, “सर, ज्या मुलीनं ते पान बरोबर लिहिलं होतं, तिला आपण घालवून दिलं.”

ते मग म्हणाले, “आपण नाही. मी. विचारायचं काम माझं होतं. मी एकच प्रश्न विचारला आणि उत्तर सोयीचं मिळालं म्हणून थांबलो.” मला वाटलं होतं ते रागावतील. ते रागावले असते तर बरं झालं असतं.

श्रद्धाताईंकडे जाणं याहून अवघड होतं. कसब्यात त्यांच्या घरी गेले. त्यांनी चहा ठेवला. मी चहा व्हायच्या आत बोलून टाकलं. त्यांनी गॅस बंद केला आणि म्हणाल्या, “सहा वर्षं मी चुकीच्या बाईला क्षमा करत होते.” मग म्हणाल्या, “तुम्ही आता जा.” मी आले. चहा राहिला.

काल शनिवारी शिक्षकांची सभा होती, नव्या प्रयोगवहीची. साठेक जण आले होते. सर म्हणाले, नीरजाबाईंना काही सांगायचं आहे. मी उभी राहिले. कागदावर लिहून नेलं होतं, ते न वाचता सांगितलं. तुझं पूर्ण नाव घेतलं. तुझं वाक्य फळ्यावर लिहिलं आणि त्याखाली माझं लिहिलं. मग मागून एक गृहस्थ उठून म्हणाले, “आमच्या शाळेचं नाव यादीतून काढा.” आणखी दोघे उठले. त्यांना दोष कसा देणार?

आणि मग दारापाशी श्रद्धाताई दिसल्या. त्या केव्हा आल्या मला कळलं नव्हतं. त्या पुढे आल्या, फळ्याजवळ उभ्या राहिल्या. बऱ्याच जणांना त्या कोण हे माहीत नव्हतं. त्यांच्या गळ्याकडे बघून कळलं.

त्या म्हणाल्या, “यांनी वाक्य उलटं केलं, ते कळलं. माझा प्रश्न वेगळा आहे. संहत आम्ल आठवीच्या वर्गात आणायचंच कशाला होतं? मी इतिहासाची बाई. मला तुम्ही वही दिलीत आणि बाटली दिलीत. वाक्य बरोबर असतं, पण माझा हात थरथरला असता, तर?”

उत्तर माझ्याकडे होतं, ते मी दिलं. “प्रयोग करताना वाफा निघतात, भांडं तापतं. मुलांना भारी वाटेल म्हणून घेतला होता.”

“आणि लिहिण्याआधी माझ्यासारखीला एकदा तरी वाचायला दिली होतीत ती वही?”

“नाही.”

“मग आता द्या.”

मला वाटलं त्या टोमणा मारताहेत. पण त्यांनी सरांच्या टेबलावरचा नव्या प्रयोगवहीचा कच्चा गठ्ठा उचलला आणि म्हणाल्या, “जे मला वाचून करता येणार नाही, ते छापायचं नाही. माझ्यासमोर बसून सगळे प्रयोग करायचे, सगळ्यांनी. मान्य असेल तर मी दर शनिवारी येईन. यांच्यासाठी नाही.” यांच्यासाठी म्हणजे माझ्यासाठी. मला ते पटलं.

उठलेल्या तिघांपैकी एक जण पुन्हा बसले. दोघे गेले. आज सकाळपर्यंत एकोणीस शाळांनी मागणी काढून घेतली आहे. सर म्हणतात, अजून जातील. जाऊ देत.

जुन्या प्रयोगवहीचं शुद्धिपत्रक काढलं, त्यात चूक कुणाची आणि बरोबर लेखन कुणाचं हे माझ्या सहीनं छापलं आहे. एक प्रत तुला पाठवते, एक तुझ्या मुख्याध्यापकांना. तुझ्या जुन्या शाळेलाही पत्र दिलं आहे. तिथल्या कार्यालयातले बापूराव तुला आठवतात का? त्यांनी पत्राची पोच देताना शिक्का इतक्या जोरात मारला की टेबल हललं. “बाई, उशीर केलात,” म्हणाले. एवढंच.

तू परत यावंस असं आता मी लिहिणार नाही. पहिल्या पत्रात लिहिलं होतं, ते लिहिण्याचा मला अधिकार नव्हता.

नीरजा

*

कारंजा (लाड), जि. वाशिम
१२ नोव्हेंबर २०२५

नीरजाताई,

तुमची चारही पत्रं मिळाली. पहिलं फाडलं होतं, मग चिकटवलं. दुसरं मात्र घरातल्यांना वाचून दाखवता दाखवता मध्येच थांबले. तिसरं कुणाला दाखवलं नाही.

श्रद्धाताईंचा फोन आला होता. नंबर कुठून मिळवला ठाऊक नाही, इतिहासवाल्या आहेत, शोधतात. तासभर बोलल्या. त्यांनीच सांगितलं की दर शनिवारी तुम्ही त्यांच्यासमोर प्रयोग करून दाखवता आणि त्या “समजलं नाही” म्हणाल्या की तुमचा चेहरा बघण्यासारखा होतो. मी खूप दिवसांनी इतकी हसले.

एक गोष्ट तुम्हाला माहीत नाही. माझ्याकडे त्या पानाची माझ्या हातची प्रत होती. बैठकीत ती माझ्या वहीतच होती. मी ती काढली नाही. तुम्ही स्वतः बोलाल म्हणून थांबले. त्या दिवशी थांबले, मग आठवडाभर थांबले. प्रत दाखवून मी खरी ठरले असते, पण मग ज्यांच्यासोबत तीन वर्षं बसून लिहिलं त्या नीरजाताई माझ्यापुरत्या संपल्या असत्या. तेवढं माझ्यानं होत नव्हतं. मग बॅग भरली. त्यातही त्या संपल्याच. मी माझ्यावरही खूप रागावले आहे, हे तुम्हाला सांगून ठेवते.

तुम्हाला माफ केलं असं लिहीत नाही. आज लिहिलं तर ते खोटं ठरेल. पुढचं पुढे बघू.

इथलं सांगते. आमच्या शाळेत दोन वर्षं विज्ञानाची जागा रिकामी होती, मग मी लागले. शेजारच्या गावात अजून रिकामीच आहे. तिथे खेळाचे अवधूत सर विज्ञान शिकवतात. माणूस चांगला आहे, पण दहावीतला भिंगांचा धडा आला की मैदानावर नेतो मुलांना. त्यांच्यासाठी मी ती बारा पानं लिहिली होती. ती पुण्यापर्यंत कशी गेली कुणास ठाऊक.

नव्या प्रयोगवहीचा प्रकाशाचा भाग मी लिहीन. पण पुण्याला येणार नाही. तुम्ही इकडे या.

२९ नोव्हेंबरला शनिवार आहे, सकाळची शाळा. मी लिहिलेलं प्रकरण आदल्या दिवशी अवधूत सरांना देईन, काही समजावून न सांगता. ते त्यावरून तास घेतील. तुम्ही आणि मी शेवटच्या बाकावर बसायचं. ते अडले, चुकले, भिंग उलटं धरलं, मुलं हसली, तरी बोलायचं नाही. बोट दाखवायचं नाही. पूर्ण चाळीस मिनिटं. जिथे अडतील तिथे आपण वहीत खूण करायची, कारण तिथे चूक त्यांची नाही, आपली असेल.

तुम्हाला गप्प बसणं किती अवघड जातं, ते मला माहीत आहे. जमणार असेल तरच या. उतरायची सोय आमच्या घरी आहे. आई म्हणते, येऊ दे, बघू तरी कोण आहे.

कादंबरी

*

शनिवार पेठ, पुणे
१८ नोव्हेंबर २०२५

कादंबरी,

येते. २७च्या गाडीचं तिकीट काढलं आहे. श्रद्धाताईंनी मागच्या आठवड्यात दुरुस्त केलेली पानं सोबत आणते. त्यांच्या खुणा हिरव्या शाईच्या आहेत आणि पुष्कळ आहेत.

चाळीस मिनिटांचा सराव घरी सुरू केला आहे. सलिल समोर बसून पृथ्वी सूर्याभोवती फिरते ती वाऱ्यामुळे, असलं वाटेल ते बोलतो आणि घड्याळ लावतो. पहिल्या दिवशी मी दोन मिनिटांत हरले. आज सकाळी सोळा मिनिटं झाली.

अजून अकरा दिवस आहेत.

नीरजा